तू कोण झालीस?

२०१२ साली न्यू जर्सीत हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला झाला नाही. ५ नोव्हेंबरला झाला. २९ ऑक्टोबरच्या रात्री सँडी वादळ किनाऱ्यावर धडकलं, झाडं आणि विजेच्या तारा रस्त्यांवर आडव्या झाल्या, आणि गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांनी रीतसर हुकूम काढून सण पुढे ढकलला. हॅलोवीनला मुलं वेष घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात; त्यांनी अंधारात, तुटलेल्या तारांमधून हिंडू नये, एवढंच कारण. पण त्या हुकमामुळे मला हा सण पहिल्यांदा कळला. लक्ष्मीपूजन असं पुढे ढकलायची वेळ येत नाही. वीज गेली तर पणत्या आहेत, पाहुणे आले नाहीत तर घरच्या चौघांत पूजा होते. हॅलोवीन घराच्या चार भिंतींत होतच नाही. रस्ता चालण्याजोगा नसेल आणि दुसऱ्याच्या दारावर टकटक करता येणार नसेल, तर त्या सणाला उभं राहायला जागाच नसते.

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्यासाठी मागवलेला राजकन्येचा झगा वादळात कुठेतरी अडकला होता. दुकानं बंद, पेट्रोलपंपांवर रांगा; ३ नोव्हेंबरपासून तर राज्याच्या १२ काउंट्यांत गाडीच्या नंबरावरून सम-विषम तारखांना पेट्रोल मिळू लागलं होतं. घरात होतं काय? एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं, आणि आदल्या वर्षी पुण्याच्या तुळशीबागेतून आणलेले पतंगाचे कागद. दिवाळी त्या वर्षी १३ नोव्हेंबरला होती, म्हणून आकाशकंदिलासाठी ते कागद वर काढून ठेवले होते. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग मी कंदीलच होते."

नवऱ्याने खोक्याच्या चारी बाजूंना खिडक्या कापल्या. गॅसची शेगडी काडीने पेटत होती, तिच्यावर मी मैद्याची खळ शिजवली. कागद मुलीने चिकटवले. वाकडे, सुरकुतलेले, एकावर एक. कडेच्या करंज्या तिला जमल्या नाहीत, खालच्या झिरमिळ्या जमल्या. दोन जुन्या ओढण्यांचे पट्टे करून खोकं तिच्या खांद्यावर अडकवलं आणि आत एक विजेरी बांधली. आमच्या रस्त्यावर निम्म्या घरांत अजून वीज यायची होती. त्या अंधारात एक लाल-पिवळा चौकोन डुलत डुलत चालला होता.

त्या संध्याकाळी आम्ही जेमतेम नऊ घरं केली आणि त्याला दीड तास लागला. कारण प्रत्येक दारात एकच प्रश्न यायचा: तू कोण झालीस? आणि प्रत्येक दारात तिला सांगावं लागायचं. हा कंदील आहे, आमच्याकडे दिवाळीत लावतात, दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा आम्ही हा खिडकीत टांगणार आहोत. समोरच्या घरातले आजोबा आम्हाला चार वर्षं फक्त हात हलवण्यापुरते माहीत होते. ते पायरीवर टेकले आणि आपण लहानपणी जळलेल्या बुचाने मिशा काढून कसे हिंडायचो ते सांगत राहिले.

पुढच्या वर्षी राजकन्येचा झगा वेळेवर आला. आम्ही तासाभरात तीस घरं केली. प्रत्येक दारात तिला पाहताक्षणी ओळखलं गेलं, प्रत्येक दारात "किती गोड!" झालं, पिशवीत चॉकलेट पडलं आणि दार लागलं. पिशवी दुप्पट भरली. पण त्या संध्याकाळी आमच्याशी कोणी काही बोललं का, हे मला आठवत नाही.

हा फरक मी पुढे अनेक वर्षं मनात घोळवत राहिले. घरी केलेल्या पोशाखाचं कौतुक आपण सहसा काटकसर म्हणून करतो किंवा जुन्या काळाची हळहळ म्हणून. मला त्यापेक्षा वेगळं म्हणायचं आहे. घरी केलेला पोशाख बहुधा अर्धवट असतो, चटकन ओळखू येत नाही, आणि म्हणूनच तो समोरच्याला विचारायला लावतो. विकतचा पोशाख तो प्रश्न आधीच सोडवून टाकतो. आणि हॅलोवीनच्या रात्री दारात घडणाऱ्या त्या अर्ध्या मिनिटात प्रश्न नसेल, तर उरते ती फक्त मिठाईची देवघेव.

हे पटायला या सणाचा इतिहास थोडा पाहावा लागतो. मुळं आयर्लंड-स्कॉटलंडच्या केल्टिक लोकांच्या साऊइन या हिवाळ्याच्या उंबरठ्यावरच्या सणात सांगतात. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा दिवस. त्यांतल्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळचं नाव हॅलोवीन. मध्ययुगीन इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब दारोदार जायचे. घरातली माणसं त्यांना 'सोल केक' नावाची छोटी गोड भाकरी द्यायची, आणि घेणारा त्या घरातल्या मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना म्हणायचा. स्कॉटलंड-आयर्लंडात मुलं वेष पालटून हिंडायची. तिथे नुसता वेष पुरेसा नसे. दारात उभं राहून गाणं म्हणावं लागे, कविता म्हणावी लागे, निदान एखादा विनोद सांगावा लागे. मग सफरचंद, सुकामेवा, एखादं नाणं मिळे. घेणाऱ्याने आधी काहीतरी द्यायचं, असा तो व्यवहार होता.

एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश लोकांबरोबर हा सण अमेरिकेत आला. सलगम कोरून केलेल्या दिव्यांची जागा भोपळ्याने घेतली. खोड्यांना ऊत आला. लोकांच्या कुंपणाची फाटकं काढून पळवायची, खिडक्यांना साबण फासायचा, परसातली शौचकूपं आडवी करायची. मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२० साली मुलांना या उद्योगांपासून दूर ठेवायला मिरवणूक सुरू केली. ती आजही निघते. न्यू जर्सीत ३० ऑक्टोबरच्या रात्रीला अजून 'मिस्चिफ नाइट' म्हणतात आणि सकाळी एखाद्या झाडावर टॉयलेट पेपरच्या माळा लोंबताना दिसतात. 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द १९२० च्या दशकात पश्चिम कॅनडाच्या वर्तमानपत्रांत दिसू लागले आणि मग अमेरिकेत पसरले. खोडी नको असेल तर खाऊ द्या, असा त्याचा सरळ अर्थ. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण होतं. १९४७ मध्ये ते उठलं, आणि नव्याने वसणाऱ्या उपनगरांत हा सण आज दिसतो त्या रूपात रुजला.

या प्रवासात मुलाच्या वाट्याचं देणं पायरी पायरीने आटत गेलं. आधी प्रार्थना होती, ती गेली. मग गाणं होतं, तेही गेलं. खोडीची धमकी होती; तिचे नुसते शब्द राहिले, आणि ते म्हणणाऱ्या मुलाला त्यांचा अर्थही माहीत नसतो. शेवटी त्याच्याजवळ द्यायला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे त्याचा वेष. मी इतका वेळ खपून कोणीतरी झालो आहे, मला बघा, एवढंच तो आता देऊ शकतो. म्हणूनच तो वेष कुठून आला, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

बाजार या सणात नवा शिरलेला नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन कंपनीने १९०९ साली हॅलोवीनसाठी पहिली पुस्तिका काढली आणि पुढे अनेक वर्षं काढत राहिली. तिला क्रेप पेपर विकायचा होता. पण त्या पुस्तिकांत सजावट कशी करावी, पोशाख कसे बेतावेत, हे चित्रांसकट दिलेलं असे. कंपनी कागद विकायची, हात गिऱ्हाइकाचे असायचे. १९३७ साली ब्रुकलिनमध्ये बेन कूपर ही कंपनी निघाली आणि चित्र पालटलं. खिडकीवाल्या पुठ्ठ्याच्या डब्यात प्लॅस्टिकचा मुखवटा आणि पातळ झगा. गंमत अशी, की त्या झग्याच्या छातीवर अनेकदा त्या पात्राचं नाव आणि चित्रही छापलेलं असे. मूल कोण झालं आहे हे आता विचारायची गरज उरली नाही. ते वाचता येत होतं.

आज हा बाजार किती मोठा आहे? अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली हॅलोवीनवर सुमारे १,२२० कोटी डॉलर खर्च झाले, त्यांतले ४१० कोटी नुसत्या पोशाखांवर. पोशाख बहुतेक एका संध्याकाळचे. ब्रिटनमध्ये २०१९ साली दोन संस्थांनी दुकानांतले हॅलोवीनचे कपडे तपासले, तेव्हा त्यांतलं ८३ टक्के साहित्य खनिज तेलापासून बनवलेलं प्लॅस्टिक निघालं. म्हणजे एका रात्रीच्या भुताने मागे सोडलेला कचरा त्या भुतापेक्षा कितीतरी जास्त वर्षं जगणार.

यावर उत्तर म्हणून "घरी करा" म्हटलं की एक खरा आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. घरी म्हणजे कोणी? बहुतेक घरांत त्याचं उत्तर 'आई' असं असतं. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईने रात्री दोनपर्यंत बसून पंख शिवायचे आणि सकाळी पुन्हा कामावर जायचं, असं कोणी सुचवत असेल तर मी त्याच्या विरुद्ध आहे. त्याहून पुढे जाऊन म्हणेन, की आईने जागून केलेला सुबक पोशाखही मुलाच्या दृष्टीने विकतचाच. तो त्याला आयता मिळाला. दारात "तू कोण?" विचारल्यावर त्याच्याजवळ सांगायला गोष्ट नसते, कारण ती गोष्ट दुसऱ्या कोणाच्या बोटांत घडली. म्हणून सोपं करणं ही तडजोड नव्हे, ती अटच आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ज्यातलं अर्धं काम जमणार नाही, तो पोशाख अवघडच म्हणायचा.

आमच्या घरात इतक्या वर्षांत जे टिकलं ते साधं होतं. खोकं, जुनी चादर, चिकटपट्टी, सेफ्टी पिना आणि घरातले मोठ्या मापाचे कपडे. खोक्याला पुढे गोल कापून आत पारदर्शक पिशवी लावली, बाजूने दोन मोजे लोंबवले, की कपडे धुण्याचं यंत्र. जांभळ्या कपड्यांवर जांभळे फुगे पिनांनी टोचले की द्राक्षांचा घड; फक्त पिना कपड्यात आणि फुग्याच्या गाठीत टोचायच्या, फुग्यात नाही. बाबांचा चौकड्यांचा जुना सदरा, कमरेला सुतळी, बाह्यांतून बाहेर आलेलं वाळकं गवत, की बुजगावणं. पारदर्शक छत्रीच्या कडेला पांढऱ्या फिती आणि चकाकत्या कागदाच्या पट्ट्या लोंबवल्या, की खाली चालणारं मूल जेलीफिश होतं, आणि पाऊस आला तरी चिंता नाही. चादरीचं भूत तर सगळ्यांत सोपं. पण डोळ्यांची भोकं चादर डोक्यावर असताना खुणा करून, मग उतरवून कापायची, आणि चादर घोट्याच्या वर ठेवायची, नाहीतर पहिल्याच पायरीवर भूत पडतं.

सगळ्या घराने मिळून व्हायचं असेल, तर एकेकाने वेगळं काही व्हावं आणि सगळे मिळून एक गोष्ट व्हावी. आम्ही एकदा पाऊस झालो होतो. नवरा कापसाचा ढग, मी निळ्या फिती लावलेल्या सरी, मुलगी इंद्रधनुष्य, आणि आमच्याकडे सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई आपल्या पिवळ्या साडीत सूर्य. त्यांना वेगळं काही करावं लागलं नाही; पाठीमागे पुठ्ठ्याचे किरण बांधले. एका घरी दार उघडणारी बाई ढगाला पाहून नुसती बघत राहिली. मग सासूबाई पुढे आल्या, आणि तिच्या लगेच लक्षात आलं. कुटुंबाच्या पोशाखाची हीच खुबी आहे. एकटा अपुरा, शेजारी दुसरा आला की अर्थ पूर्ण.

काही गोष्टी चुकून चुकून शिकले. ऑक्टोबरच्या शेवटी थंडी असते, तेव्हा पोशाख जॅकेटवरून घालता यायला हवा. जॅकेट पोशाखावरून घातलं की सगळी मेहनत झाकून जाते. मुलाला एकट्याने शौचाला जाता आलं पाहिजे. हात मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर पिशवी आईच्या हातात आणि खाऊही. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा, कारण मुखवट्याच्या भोकांतून रस्ता नीट दिसत नाही. आणि ग्लू गन मोठ्यांच्या हातात राहावी.

हाताने केलेल्या पोशाखाचं एक उदाहरण कादंबरीतलं आहे. हार्पर ली यांच्या १९६० सालच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीत स्काउट ही छोटी मुलगी हॅलोवीनच्या रात्री शाळेच्या कार्यक्रमात हॅम झालेली असते, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी. त्या भागात काय पिकतं, काय तयार होतं, ते मुलांनी वेष घेऊन दाखवायचं असतं. गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाकवून, वर तपकिरी कापड चढवून तो पोशाख केलेला असतो. परतीच्या वाटेवर अंधारात तिच्यावर हल्ला होतो, तेव्हा सुऱ्याचा वार त्या जाळीवर जातो आणि ती वाचते. लेखिकेला तिथे बरंच काही सांगायचं आहे. मी त्यातली एवढीच गोष्ट घेते. त्या बेढब पोशाखात तो गाव होता. त्याची जमीन, त्याचं खाणं आणि त्यातल्या एका बाईचे हात.

आता दुसरा आक्षेप, जो मला घरूनच ऐकावा लागला. पहिल्या वर्षी फोनवर आई म्हणाली होती, "लेकराला दारोदार मागायला पाठवतेस?" आपल्या मध्यमवर्गीय मराठी मनाला हे टोचतं. पण मुंजीत भिक्षावळ असते, हे त्याच आईने मला लहानपणी समजावलं होतं. शिकायला निघालेला बटू सर्वांत आधी हात पुढे करायला शिकतो. कितीतरी विद्यार्थी माधुकरीवर शिकले. आपल्याकडे बहुरूपीही दारात वेष घेऊन येई, कधी पोलीस, कधी आणखी कोणी, आणि आधी तो वेष निभावून दाखवी, मग बिदागी मागे. म्हणजे मागण्यात लाज नाही, रिकाम्या हाताने मागण्यात असेल. व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने १९६९ च्या आपल्या पुस्तकात हॅलोवीनचा उल्लेख केला आहे तो वेगळ्या कारणाने: एरवी ज्यांचं काही चालत नाही, ती मुलं त्या एका रात्री दराऱ्याने दार ठोठावतात आणि मोठी माणसं त्यांचं ऐकतात. मला या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, मागणं आणि दरारा. आपल्याकडची भिक्षावळ बहुतेक घरांत मुलग्यांच्या वाट्याला आली. इथे माझी मुलगी दार ठोठावत होती. आणि मागणं फक्त स्वतःसाठीच असायला हवं असंही नाही. १९५० साली फिलाडेल्फियातल्या एका धर्मोपदेशकाच्या कुटुंबाने दुधाची खोकी रंगवली, मुलांनी त्यांत खाऊऐवजी पैसे मागितले, १७ डॉलर जमले, आणि ते युनिसेफला पाठवले. त्यातून पुढे देशभराचा उपक्रम झाला.

तिसरी गोष्ट भीतीची. खाऊत विष किंवा पाती असतील, म्हणून अनेक पालक दारोदार जाणंच बंद करतात. जोएल बेस्ट हे समाजशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून अशा बातम्या तपासत आले आहेत. हॅलोवीनला अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचं एकही सिद्ध झालेलं उदाहरण त्यांना सापडलं नाही. १९७४ साली टेक्ससमध्ये एका मुलाला खाऊतून सायनाइड दिलं गेलं, पण ते देणारा त्याचा स्वतःचा बाप होता. खरा धोका रस्त्यावर आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ वर्षांची आकडेवारी पाहिली, तेव्हा हॅलोवीनच्या संध्याकाळी गाडीखाली येऊन पादचारी दगावण्याचा धोका इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे घाबरायचं ते शेजाऱ्याला नाही, गाडीला. त्यावर उपाय घरच्या पोशाखातच आहेत. चमकती पट्टी पाठीवर आणि पिशवीवर, आत एक विजेरी, फिका रंग, उघडा चेहरा. आमचा कंदील अपघातानेच यांतल्या काही कसोट्यांना उतरला होता.

या भीतीतूनच 'ट्रंक ऑर ट्रीट' वाढलं. चर्चच्या किंवा शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीने लावायच्या, डिक्क्या सजवायच्या, मुलांनी एका डिक्कीपासून दुसऱ्या डिक्कीपर्यंत जायचं. जिथे घरं मैल मैल लांब आहेत तिथे हे चांगलंच आहे. पण पदपथ असलेल्या, घराला घर लागून असलेल्या वस्तीत जेव्हा लोक हे निवडतात, तेव्हा मला वाईट वाटतं. पार्किंगमध्ये भेटतात ती आपल्या शाळेची, आपल्या चर्चची, आधीच ओळखीची माणसं. दारात भेटतो तो शेजारी, ज्याला आपण निवडलेलं नसतं.

आणि एक गोष्ट ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्यासाठी. ज्या वर्गात सगळी मुलं विकतचे पोशाख घालून येतात, तिथे घरी केलेला पोशाख गरिबीची खूण ठरतो, आणि ते मूल खोक्यात चेहरा लपवतं. ज्या वर्गात निम्मी मुलं खोकी घालून येतात, तिथे खोक्याला कुणी हसत नाही. म्हणून जे विकत घेऊ शकतात त्यांनी करावं. घरी करणाऱ्यांची संख्या वाढली, की ज्याला विकत घेणं परवडतच नाही त्याची मान वर राहते. त्याच न्यायाने, गाडीतून दुसऱ्या वस्तीतून आलेल्या मुलांबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी आठवावं, की या प्रथेच्या मुळाशी गरिबाचं श्रीमंताच्या दारात येणं होतं.

अलीकडे पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये आणि गृहसंकुलांतही हॅलोवीन दिसतो. त्याला नावं ठेवायची मला गरज वाटत नाही. सण प्रवास करतात, हाही तसाच इथवर आला. पण घ्यायचा असेल तर त्याचा गाभा घ्यावा. क्लबहाउसमध्ये भाड्याचे पोशाख घालून काढलेले फोटो म्हणजे तो सण नव्हे. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने सातव्या मजल्यावरच्या, कधीही न बोललेल्या आजींची बेल वाजवावी, आणि आजींनी विचारावं, "तू कोण रे?" मग तो कोणत्याही तारखेला, कोणत्याही नावाने झाला तरी चालेल.

माझी मुलगी आता १८ वर्षांची आहे, कॉलेजसाठी दूर गेली आहे. गेल्या हॅलोवीनला मी पोर्चचा दिवा लावून एकटीच पायरीवर बसले होते. दिवा लावलेला असणं म्हणजे या, इथे खाऊ आहे, अशी इथली रीत. मी एक नियम केला आहे. खाऊ देण्याआधी विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, पोशाख ओळखू आला तरी. विकतच्या पोशाखातली मुलंही मग बोलतात. एका राजकन्येने मला सांगितलं, की ती राजकन्या नाही, राजकन्येच्या वेषातली पशुवैद्य आहे.

अंधार पडता पडता एक मुलगा आला, खोक्यात. खोक्यावर काळ्या मार्करने बरीच बटणं काढली होती, एक हँडल होतं, वर झाकण होतं. मला काही कळेना. "तू कोण?" मी विचारलं. तो सांगू लागला. हे आजीचं शिवणयंत्र आहे, म्हणजे आता आजी नाही, पण यंत्र आहे, हे चाक फिरवलं की सुई चालते, सुई आत आहे, आणि खाऊ वरून टाकायचा, कारण आजी बॉबिन... नाही, बॉबिन खाली असते, थांबा. त्याने झाकण उघडलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. त्याच्या मागे पायऱ्यांवर सात-आठ मुलं येऊन उभी होती. कोणी घाई केली नाही.